भर उन्हाळ्यात मांडव कापला, त्याची हकीकत

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी दिवसाला दोन घागरी पाणी यायचं आणि माणसं होतो सहा. एक घागर पिण्याला आणि स्वयंपाकाला, दुसरी बाकी सगळ्याला. आंघोळ आठ दिवसांतून एकदा, तीही परसातल्या दगडावर परात ठेवून, परातीत बसून. त्या परातीतल्या पाण्यात आई कपडे खळबळायची आणि उरलेलं शेणात कालवून जमीन सारवायची. मी तेव्हा चौथीत होते. पाणी सांडलं म्हणून खाल्लेला मार मला आठवतो. अभ्यास केला नाही म्हणून खाल्लेला एकही आठवत नाही, कारण अभ्यासाचं घरात कुणाला काही पडलेलं नव्हतं.

आई आणि आबा पाझर तलावाच्या कामावर जायचे. ईट गावाच्या अलीकडं, आमच्या गावापासून दीड कोसावर तलाव चालला होता. आबा खडी फोडायचे, आई माती वाहायची. कामावर सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाचा गोड भुगा. घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, जी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. आमची दोन एकर जमीन होती, तिच्यात त्या साली काही उगवलं नाही.

तलाव झाला, दोन-तीन पावसाळ्यांनी भरलाही. तलावाच्या खालच्या अंगाला ज्यांची रानं होती त्यांच्या विहिरींना पाणी आलं. आमचं रान वरच्या अंगाला. ह्यात कुणाची लबाडी नव्हती, जमीन जिथं होती तिथं होती. पुढं त्या खालच्या रानांत द्राक्षाची पहिली बाग लागली, तेव्हा आई आणि गल्लीतल्या बायका तिथं रोजानं जायला लागल्या.

मी मात्र शिकले. बार्शीला मामाच्या घरी राहून, मामीची धुणीभांडी करून बी.ए. झाले. आमच्या भावकीत बाई सोडाच, गडीमाणूससुद्धा कॉलेजात गेला नव्हता. हे मी आज सांगते ते मोठेपणानंच सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. निकाल घेऊन गावी आले आणि नोकरीचे अर्ज करायला लागले. अर्ज जायचे, उत्तरं यायची नाहीत. दोघी धाकट्या बहिणी नांदायला गेल्या होत्या, आजी वारली होती. घरात आई, आबा आणि मी.

दोन महिने बसून काढले आणि मग आईबरोबर बागेत जायला लागले. बी.ए. झाल्यावर मी रोजानं गेले हे मी कधी कुठं लपवलं नाही. पहिल्या दिवशी बायकांनी माझी यथेच्छ खेचली.

"आगं सरका, बी.ए. आली. हिला खुर्ची द्या."

"खुर्ची नको, कात्री द्या," मी म्हणाले.

आमच्या टोळीत एक थोरली बाई होती, सगळ्या तिला आक्का म्हणायच्या. सही करता येत नव्हती, पण काडी बघितली की तिच्यातला कुठला डोळा फुटेल आणि कुठला आंधळा राहील हे ती सांगायची. डोळा म्हणजे काडीवरची फुगीर गाठ, जिथून फूट निघते. ती मला म्हणाली, "हे बग, वेल सालातनं दोनदा कापायचा. एकदा चैतात, पार बुडख्यापतुर. एकदा दसऱ्याच्या टायमाला, डोळे मोजून. चैतातली कापणी काडीसाठी, दसऱ्याची घडासाठी. ह्यातली एक चुकली की पाला खा नुसता." तेवढं मी वहीत लिहून ठेवलं. वही बघून आक्का हसली, "ल्ही ल्ही, इसरशील न्हायतर."

छाटलेल्या काड्या बायका जळणाला घरी न्यायच्या, तसा शिरस्ताच होता. त्या साली दसऱ्याच्या छाटणीला आईनं एक भारा आणला आणि परसात आंघोळीच्या दगडाजवळ उभा करून ठेवला. घरात आधीचं जळण होतं म्हणून तो भारा तसाच राहिला. तीन-चार आठवड्यांनी मी बघते तर खालच्या ओलीत टेकलेल्या काड्यांना हिरवे कोंब. एक उपटून बघितली, तर पांढरी मुळं.

आईला म्हटलं, "आई, हे जाळू नको. लावू या."

"कुठं लावतीस? पाणी?"

"आंघोळीचं."

आईनं जरा विचार केला. तोवर घरी दिवसाला सात-आठ घागरी पाणी येत होतं, आंघोळ रोज होती. "लाव मंग. तितं काय येतंय बगू," ती म्हणाली.

सहा काड्या लावल्या, एक जगली. बिनबियांचीच होती, कारण त्या बागेत दुसरी जातच नव्हती. आबांनी बाभळीच्या चार मेढी रोवून दिल्या, वर तुराट्या टाकल्या आणि मध्ये बागेतली टाकून दिलेली तार मी ओढली. वेलानं एका पावसाळ्यात मांडव गाठला आणि पुढच्या पावसाळ्यात झाकून टाकला. तळहाताएवढी पानं. आमच्या पत्र्याच्या घराला तशी गार जागा कधीच नव्हती. दुपारी गल्लीतल्या बायका सुपं घेऊन तिथं ज्वारी निवडायला यायच्या, आबा तिथंच जेवायचे, आई दळणाचा डबा तिथं आणून ठेवायची. द्राक्ष मात्र एकही नाही.

कारण मला माहीत होतं. मांडव गाठल्यावरचा पहिला चैत आला तेव्हा मी कात्री काढली होती आणि आईनं ती हातातून काढून घेतली होती.

"भर उन्हाळ्यात सावली कापतीस?"

"आई, तू सवता बागेत कापतीस की. दिवसाला दोन वळी."

"ती मालकाची बाग. ती इहिरीवर हाय. ह्येला आपण तांब्या-तांब्यानं वाढिवलंय. दगावला म्हंजी?"

असं होतं. मालकाच्या बागेत जिचा हात कात्रीवरून थांबत नव्हता ती माझी आई घरच्या वेलाच्या एका फांदीला हात लावू देत नव्हती. नुसती आईच नव्हे, आमच्या टोळीतल्या ज्या दोघी-तिघींनी घरी काड्या लावल्या होत्या त्यांच्याकडंही तेच चाललेलं. ज्यांनी परातीतलं पाणी तीनदा वापरलं होतं त्यांना हिरवी फांदी तोडणं जमत नव्हतं. मी आईचं मन राखायला दसऱ्याला नुसते शेंडे खुडले. अर्थातच काही झालं नाही. दुसरा चैत तसाच गेला, दुसरा दसराही.

तिसऱ्या साली, शिमगा झाल्यावर, आबा सोसायटीच्या मीटिंगहून आले. आमच्याकडं तोवर दूध घेणारे म्हणजे खवा आटवणारे भट्टीवालेच होते. नवी गोष्ट म्हणजे गावात दूध सोसायटी निघाली होती आणि सभासदाला गाय मिळणार होती. आबांचं नाव यादीत लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव कुठल्या यादीत मजुरीशिवाय लागलं. ते खुशीत होते आणि परसात उभे राहून पावलांनी जागा मोजत होते.

"दसऱ्यापतुर गाय येती. गोठा हितं घालायचा," ते वेलाकडं हात करून म्हणाले.

"तितं वेल हाय, आबा."

"वेल हाय, द्राक्षं कुठं हायती? तीन वरसं झाली, पानंच बगायलोय. तुजं बी तसंच. कागद हाय, काम न्हाय."

हे मला लागलं. त्यांनी ते टोचायला म्हटलं नव्हतं, दिसत होतं तेच म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं.

आई मध्ये पडली. "पोरीला कशाला बोलता? सावली तर देतोय की."

"सावली गोठ्याची बी पडती."

आमच्या परसाची तीच एक सपाट, भिंतीच्या आडोशाची जागा. दक्षिणेला उतार होता, तिथं गोठा घालायचा तर भर टाकावी लागणार. आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तो वेल मी लावलेला. घरी आल्यापासून मी स्वतःच्या डोक्यानं सुरू केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

मी म्हणाले, "आबा, मला एक बहार द्या. फुडच्या शिमग्यापतुर. मी म्हनीन तसं छाटू द्यायचं, कुणी मदी यायचं न्हाय. तवर घड आला न्हाय तर तुमी काढून टाका."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "शिमग्यापतुर. मग मी बुडातनं काढनार. रडायचं न्हाय."

"न्हाय रडणार."

आई दळणाचा डबा उचलून घरात गेली.

पाडवा झाल्यावर आठ दिवसांनी मी मांडव कापला. आक्कानं दिलेली जुनी कात्री होती, मूठ सुतळीनं गुंडाळलेली. दोन वर्षांच्या काड्यांचं जाळं झालेलं. कापता कापता हाताला फोड आले. प्रत्येक काडी बुडख्याशी एकेक-दोनदोन डोळे ठेवून तोडली. दुपारपर्यंत वर नुसत्या तुराट्या आणि चार तपकिरी फांद्या राहिल्या आणि खाली ऊन थेट आलं. सूप घेऊन आलेली शेजारची चुलती दारातच थबकली.

"आगं आगं, भर चैतात बोडका केला की गं मांडव! बी.ए.त ह्येच शिकिवलं का?"

"न्हाय काकू, हे बी.ए.त न्हवतं. हे बागेत शिकले."

"मंग आता आमी कुठं बसावं?"

"आमच्या पडवीत बसा."

"पत्र्याखाली? भाजून खायचंय का आमाला?" म्हणून ती सूप घेऊन निघून गेली. चार-पाच दिवस गल्लीत हाच विषय होता. आबा भिंतीला टेकून, डोक्यावर टॉवेल टाकून जेवले. शब्द दिला होता तो त्यांनी पाळला.

आई मात्र पाळेना. दहा-बारा दिवसांनी कोंब फुटले, लालसर, बोटाएवढे. आणि एके दिवशी मी बाजारातून आले तर मांडवावर आईचं जुनं लुगडं अंथरलेलं. कोंबांना ऊन लागू नये म्हणून. मी काढून घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी काढलं. तिसऱ्या दिवशी तिनं लुगड्याच्या जागी पोतं टाकलं, वर पाणी शिंपडून.

आमची चांगली जुंपली. "लेकराला उनात ठिवतीस का?" ती म्हणाली. मी म्हणाले, "हे लेकरू न्हाय आई, वेल हाय." आणि मग बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. "तुज्या ह्या मायेपायी दोन वरसं गेली. आता गोठा हुईल तवा गायीवर टाक लुगडं."

दोन दिवस आई मला सोडून एकटीच पुढं बागेत गेली. तिसऱ्या दिवशी बागेत आक्काला तिनंच विचारलं, मी शेजारच्या ओळीत होते म्हणून ऐकलं. "आक्का, सावली केली तर काय बिगडतं गं?"

आक्का म्हणाली, "वैनी, घड दिसतो थंडीत, पन त्यो काडीत भरतो आत्ता. ह्या उनात. काडी तापली न्हाय तर डोळ्यात घड बसत न्हाय, मंग दसऱ्याला कितीबी मोजून काप. खाली पानी घाल. वरनं काय बी घालू नगो."

"मला कुणी सांगितलंच न्हाय," आई म्हणाली.

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तिला कापायला सांगितलं जायचं, कशासाठी ते नाही. माझ्या वहीतही ते नव्हतं. चैतातली कापणी काडीसाठी, एवढंच मी लिहिलं होतं, का ते विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी आईनं पोतं स्वतः काढलं.

त्या साली उन्हाळा वाईट गेला. वैशाखात गावची विहीर तळाला गेली, टँकर दोन दिवसांआड यायला लागला. आई आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं पाणी वेलाच्या आळ्यात ओतायची आणि वर पालापाचोळा घालायची. आबा एकदा म्हणाले, "माज्या पायावर जरा थंड पानी मिळंल का, का ते बी वेलालाच?" आई म्हणाली, "आळ्यात उभं राहून धुवा." आणि ते खरंच आळ्यात उभे राहून पाय धुवायला लागले. पावसाळ्यापर्यंत काड्या करंगळीएवढ्या जाड झाल्या, तपकिरी पडल्या.

दसऱ्याच्या आधी गाय आली. तात्पुरती दारातल्या लिंबाखाली बांधली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन मांडवाखाली गेले. ह्या वेळी चुकलं की संपलं. ह्या जातीच्या काडीत बुडाकडच्या पाच-सहा डोळ्यांना घड येत नाही, तो पुढं असतो. आखूड तोडली तर गेली, लांब ठेवली तर वेलाला झेपत नाही. पहिली काडी धरून मी तिसऱ्यांदा डोळे मोजत होते तोच आई मागून आली.

"दे इकडं. तुजं मोजनं बगून मलाच भ्या वाटाय लागलंय."

तिनं कात्री घेतली आणि बाजेवर चढली. काडी दोन बोटांत धरून अंगठा वर सरकवत मोजायला लागली, "...पाच, सा, सात, आठ," आणि कट. मोजायची, कापायची. बागेतला तोच वेग. एखादी बारीक काडी असली तर बुडाशीच तोडून टाकायची. मी खाली उभी राहून काड्या गोळा करत होते. अर्ध्या तासात तिनं मांडव उरकला आणि खाली उतरून म्हणाली, "झालं. आता तुजं नशीब."

"आपलं," मी म्हणाले.

पंधरा-वीस दिवसांनी फुटीवर चार-पाच पानं झाली आणि पानाच्या समोर, देठाशी, मोहरीच्या दाण्यांची गुंडी करावी तसं काही दिसलं. मला आधी वाटलं कीड आहे. आईनं बघितलं आणि म्हणाली, "घड हाय." मग आम्ही दोघींनी मोजले. आबा धार काढून येत होते, त्यांनी चरवी हातात धरूनच मान वर करून बघितलं. "पिकू द्या मंग बगू," एवढंच म्हणाले.

ते म्हणाले ते बरोबर होतं, कारण कार्तिकात चार दिवस आभाळ येऊन भुरभुर लागली आणि पानांवर तेलाचे डाग पडल्यासारखे पिवळे ठिपके दिसायला लागले. केवड्याचा रोग. बागेत मी तो बघितला होता. दोन दिवसांत घड जळतात. मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारतात हेही माहीत होतं, पण बागेत ते बनवायचं काम गड्यांचं. प्रमाण कुणालाच विचारता येईना, सगळे आपापल्या बागा वाचवत होते. इथं मात्र माझं शिक्षण कामी आलं. पंचायत समितीच्या कचेरीत मी अर्ज द्यायला जायचे तिथं शेतकी खात्याची एक पुस्तिका पडलेली असायची. सकाळच्या एस.टी.नं गेले, ती मागून आणली, मोरचूद घेतलं आणि दुपारी परत. लोखंडी बादली वापरायची नाही, असं तिच्यात होतं. घरात लोखंडीच बादली होती, म्हणून आईचा मातीचा रांजण रिकामा केला. चुना आणि मोरचूद वेगवेगळं विरघळवून एकत्र केलं, त्यात विळ्याचं पातं बुडवून बघितलं. तांबूस पडलं तर चुना कमी. पडलं. आणखी चुना घातला. पुन्हा बुडवलं, नाही पडलं.

"ह्ये बी.ए.त व्हतं का?" आईनं विचारलं.

"न्हाय. पन वाचायला तितंच शिकले."

फवारायचा पंप नव्हता. नव्या केरसुणीनं पानापानावर, वरून आणि खालून, शिंपडलं. आमचे हात, तोंडं, गाय, सगळं निळं झालं. सात घड गेले. बाकीचे राहिले.

माघात मणी फुगले. बागेतल्यासारखे लांबट, मोठे नव्हते. तिथं घड औषधात बुडवायचे, आम्ही कशातच बुडवले नाहीत. हरभऱ्याहून थोडे मोठे. मण्यांत पाणी उतरून गोडी यायला लागली तशा चिमण्या आणि बुलबुल यायला लागले, तेव्हा आईनं ते जुनं लुगडं फाडून पिशव्या शिवल्या आणि एकेका घडाला बांधल्या. ह्या खेपेला गाठी मारायला मीही लागले.

शिमग्याला पाच दिवस होते तेव्हा पहिला घड तोडला. आबा जेवून उठत होते. आईनं घड ताटलीत घालून त्यांच्यापुढं ठेवला. आमच्याकडं द्राक्षं आणायची ती आजारी माणसाला, दवाखान्यात जाताना, पावशेर कागदी पुडक्यात. निरोगी माणसानं घरी बसून खायची ती चीज नव्हती. आबांनी एक मणी तोंडात टाकला, चावला आणि बी थुंकायला हात तोंडाशी नेऊन थांबले.

"बी कुठाय?"

"न्हाय त्याला बी."

"बीच न्हाय? मंग ह्ये फुडं वाढतं कसं?"

"काडीनं," आई म्हणाली. "जळनाच्या भाऱ्यातनं आलंय तुमच्या."

आबांनी आणखी एक घेतला. मग आणखी एक. पाच-सहा खाऊन झाल्यावर ताटली माझ्याकडं सरकवली. "ग्वाड हाय," ते म्हणाले. "सोसायटीत चार जनांना दावाय न्हेतो एक. इस्वास बसायचा न्हाय कुनाचा." आणि उठून परसात गेले. मी दारातून बघितलं. ते दक्षिणेच्या उतारावर उभे राहून पावलांनी मोजत होते, भर किती टाकावी लागेल ते.

गोठा त्या उतारावर झाला. वेलाला पहिल्या बहाराला सव्वीस घड लागले होते, त्यातले एकोणीस पिकले. एक सोसायटीत गेला, दोन आक्काला दिले, चार गल्लीत वाटले, बाकीचे आम्ही तिघांनी खाल्ले. वेल आहे त्या जागी राहिला आणि पुढच्या चैतात तो कुणाला न विचारता कापला गेला.